घोड्याचे आखडलेले सांधे आणि हाताची मालिश

घोडा हें जनावर आतां आपल्या भागांत शेतीच्या नडीचें राहिलेलें नाहीं. एके काळीं पाटलाच्या दारीं एखादें तट्टू बांधलेलें असावयाचें, आणि महसूल खात्याचे अंमलदार पीकपाहणीस व जमाबंदीच्या फिरतीस तट्टावरूनच येत असत. पुढें मोटारी आल्या, मोटारसायकली आल्या, आणि तट्टाचें काम संपलें. सन २०१९ च्या विसाव्या पशुगणनेंत साऱ्या भारतांत घोडे व तट्टें मिळून सुमारें ३ लक्ष ४० हजारच भरलीं. २०१२ च्या गणनेच्या मानानें ही घट शेंकडा ४५ हून अधिक आहे. असें असूनहि खानदेशांतील घोड्याचा शौक मात्र मेलेला नाहीं. नरडाण्याहून सुरतेकडे जाणाऱ्या लोहमार्गानें शिंदखेडें ओलांडून दोंडाईचें गांठावें, आणि तेथून शहाद्याच्या रस्त्यानें तापीच्या काठीं सारंगखेड्यास जावें. तेथें दत्तजयंतीस एकमुखी दत्ताची यात्रा भरते, व तिच्याबरोबर घोड्यांचा मोठा बाजार भरतो. मारवाडी, काठेवाडी व पंजाबाकडील घोडे तेथें विक्रीस येतात, आणि रेवाल चालीच्या उमद्या घोड्यास लाखांनीं किंमत पडते.

एवढी किंमत मोजून घोडा घरीं आणणारा गृहस्थ त्याच्या दाण्यापाण्याची काळजी करतो, खोगीर व साज हौसेनें करवितो, लग्नसराईंत वरातीपुढें त्याला नाचवितोहि. परंतु त्या घोड्याच्या सांध्यांचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. पुढें कांहीं वर्षांनीं मार्गशीर्ष-पौषाच्या थंडींत घोडा सकाळीं पहिलीं पावलें लाकडासारखीं टाकूं लागतो, वळतांना अंग आखडून घेतो, नालबंदाला पाय उचलूं देत नाहीं. मग आपल्याकडे तीन उपाय ठरलेले आहेत. पहिला बिब्बा किंवा दुसरें कांहीं जळजळीत औषध सांध्यावर लावणें. दुसरा तापलेल्या लोखंडाचा डाग देणें. आणि तिसरा, हे दोन्ही फसले म्हणजे घोडा गुपचूप बाजारांत नेऊन दुसऱ्याच्या गळ्यांत बांधणें. या तिहींच्या आधीं करावयाचा एक चौथा उपाय आहे. त्यास पैसा लागत नाहीं. मालकाचा स्वतःचा हात व रोजची घटका-दोन घटका लागते. हा हात काय करूं शकतो आणि काय करूं शकत नाहीं, तें आम्ही या लेखांत सांगणार आहों. यांपैकीं दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची आहे, हें वाचकांनीं आरंभींच ध्यानांत घ्यावें.

घोड्याच्या पायांची ठेवण

घोड्याच्या पुढच्या पायाचा ज्यास आपण गुडघा म्हणतों, तें खरें पाहतां माणसाचें मनगट आहे. मागच्या पायाचा मधला टोंकदार सांधा ही माणसाची टांच व घोटा होय, आणि घोड्याचा खरा गुडघा मांडीच्या खालीं पोटाजवळ लपलेला असतो. दुसरें असें कीं, घोड्यास गळ्याजवळचें आडवें हाड नसतें. त्यामुळें पुढचे दोन पाय धडाशीं हाडानें जोडलेले नसून केवळ स्नायूंच्या झोळींत धड टांगलेलें असतें. शरीराच्या एकंदर वजनापैकीं शेंकडा ६० च्या सुमारास भार या पुढच्या दोन पायांवर पडतो. म्हणून खांद्याचे व छातीचे स्नायु ताठर झाले म्हणजे पायाचा सांधा निरोगी असूनहि घोड्याचें पाऊल आंखूड पडतें, आणि पाहणारास सांधाच धरला आहे असें वाटतें.

तिसरी गोष्ट सर्वांत उपयोगाची आहे. पुढचा गुडघा व मागचा टोंकदार सांधा यांच्या खालीं मांसल स्नायु जवळजवळ नाहींतच. तेथें हाड, कातडें व दोरासारख्या शिरा एवढेंच आहे. आपल्याकडे मोतद्दार तेलाची वाटी घेऊन नेमका तेथेंच तासभर रगडीत बसतो. ज्या स्नायूंच्या ओढीनें त्या शिरा ताणल्या जातात, ते स्नायु मात्र वर बाहूंत, खांद्यांत, पुठ्ठ्यांत व मांडींत असतात. दोर ताणला असतां गांठीजवळ चोळून उपयोग नाहीं. ज्या खुंट्याकडून ओढ येते तो खुंटा सैल केला पाहिजे.

सांध्याच्या आंत दोन हाडांच्या टोंकांवर गुळगुळीत कूर्चेचें अस्तर असतें. वाढ पुरी झालेल्या जनावराच्या या कूर्चेंत रक्तवाहिन्या नसतात. तिचें पोषण सांध्यांतील वंगणासारख्या रसांतून होतें, आणि तो रस कूर्चेंत शिरावयास सांध्यावर आळीपाळीनें दाब पडणें व सुटणें अवश्य असतें. म्हणजे घोड्यानें चाललें पाहिजे. आगाडी-पिछाडी आवळून दिवसभर एका जागीं उभ्या केलेल्या घोड्याच्या सांध्यास दाणा कितीहि घातला तरी पोषण पोंचत नाहीं. येथें एक चक्र सुरू होतें. सांधा दुखतो म्हणून घोडा स्नायु आवळून धरतो. स्नायु आवळला म्हणून सांधा कमी हलतो. कमी हलला म्हणून अधिक आखडतो. हें चक्र स्नायूच्या ठिकाणीं तोडतां येतें, आणि हाताचें काम तेवढेंच आहे. झिजून गेलेली कूर्चा हातानें पुन्हा उगवत नाहीं. वाढलेलें हाड चोळून विरघळत नाहीं. तसें वचन देणारा कोणी भेटल्यास त्यास दारांतूनच नमस्कार करावा.

आखडलेपणा कशानें आला हें आधीं ओळखावें

घोडा आखडला म्हणजे सांधाच धरला असें नव्हे. वयामुळें झालेल्या झिजेची खूण अशी कीं, घोडा सकाळीं ताठ निघतो, आणि पांच-दहा मिनिटें हळूहळू चालविल्यावर मोकळा होतो. चालविल्यानें लंगडणें उलट वाढत असेल, तर तेथें ताजी इजा, खुरांत पू, किंवा मोडलेला नाल असण्याचा संभव आहे. तेथें मालिशीचें कांहीं काम नाहीं. झिजेस हातभार लावणारीं कारणें बहुधा घरचींच असतात. डांबरी किंवा सिमेंटच्या रस्त्यावर वरातीपुढें तासन् तास नाचविणें, मागच्या पायांवर उभें करून सारा भार त्या दोन टोंकदार सांध्यांवर टाकणें, पाठीस न बसणारें खोगीर, दीड-दोन महिन्यांनीं बदलावयाचा नाल चार-चार महिने तसाच ठेवणें, आणि काम नसतां दादर व हरभरा भरपूर चारून घोडा गुबगुबीत करणें, हीं त्यांतील मुख्य होत. हीं कारणें चालूं ठेवून हात फिरविणें म्हणजे फुटक्या पाटांत पाणी सोडणें होय.

आणखी तीन दुखणीं अशीं आहेत कीं, जीं आखडलेपणासारखीं दिसतात, पण ज्यांत हात लावल्यानें किंवा घोडा चालविल्यानें हानि होते.

पहिलें खुरांचा दाह. घोडा पुढचे पाय पुढें टाकून भार मागच्या पायांवर घेतो, खूर कढत लागतात, आणि खुराच्या वर पायाच्या मागील बाजूस नाडी जोरानें उडतांना बोटास लागते. दाण्याची रास घोड्यानें चोरून खाल्ली असतां हें हटकून होतें.

दुसरें स्नायूंचा झटका. एक-दोन दिवस सुटी, दाणा मात्र पुरा, आणि मग एकदम कामास जुंपलें, अशा वेळीं घोडा घामानें निथळून जागींच खिळतो, पुठ्ठे दगडासारखे होतात, व लघवी कॉफीच्या रंगाची होते. त्यास एक पाऊलहि चालवूं नये.

तिसरें धनुर्वात. यास घोड्याइतकें बळी पडणारें दुसरें पाळीव जनावर नाहीं. खिळा लागल्याची लहानशी जखम असते, आणि कांहीं दिवसांनीं कान ताठ, जबडा आवळलेला, शेपूट उचललेली, व डोळ्याच्या आंतल्या कोपऱ्यांतून पडदा पुढें सरकलेला दिसतो.

या तिन्ही प्रसंगीं क्षणाचा विलंब न करतां पशुवैद्यास बोलवावें.

चौथी गोष्ट माणसाच्या जिवाची आहे. पायावर, विशेषतः मागच्या पायाच्या आंतल्या बाजूस, दोरीवर गांठी माराव्या तशा गांठी उठल्या असतील व त्या फुटून वाहत असतील, किंवा नाकांतून चिकट स्राव येत असेल, तर त्या घोड्यास उघडा हात मुळींच लावूं नये. तो शेंबा, म्हणजे ग्लँडर्स, असूं शकतो, व तो घोड्यापासून माणसास होतो. सन १८९९ मध्यें याच रोगासाठीं सरकारनें स्वतंत्र कायदा केला होता. पुढें २००९ च्या प्राण्यांतील सांसर्गिक रोगांच्या कायद्यांत त्याचा समावेश झाला. २००६ सालीं महाराष्ट्रांत या रोगानें पुन्हा डोकें वर काढलें होतें. रक्ताचा नमुना तपासण्याची सोय हरियाणांतील हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रांत आहे, आणि नमुना पाठविण्याचें काम सरकारी पशुवैद्यामार्फत होतें. बाजारांतून नवा घोडा आणल्यावर त्याची तपासणी होईपर्यंत त्याला जुन्या घोड्यांपासून वेगळा बांधावा, हें शहाणपणाचें.

हात फिरविण्याची रीत

वेळ सायंकाळची घ्यावी. काम संपून घोडा दहा मिनिटें हळू चाललेला असावा, अंगावरील घाम वाळलेला असावा, व दाणा नुकताच खाल्लेला नसावा. प्रथम खरारा करून धूळ काढावी. मोहोरकी घालून एका जाणत्या माणसानें दोर सैल हातीं धरावा. घोडा खुंट्यास आवळून बांधूं नये. पिछाडी सोडावी. आपण नेहमीं घोड्याच्या बाजूस उभें राहावें, पाठीमागें केव्हांहि राहूं नये, आणि मुलांस दूर ठेवावें.

पहिलें काम चोळण्याचें नसून वाचण्याचें आहे. सात-बाराचा उतारा पाहिल्याविना आपण जमिनीचा व्यवहार करीत नाहीं. तसाच हा घोड्याचा उतारा समजावा. हाताची पालथी बाजू चारी पायांवरून वरून खालीं हळूहळू न्यावी. पालथ्या हातास ऊष्मा लौकर कळतो. डाव्या पायाची तुलना उजव्याशीं करावी. एका सांध्याशीं ऊन लागत असेल, सूज असेल, किंवा घोडा तेथें दचकत असेल, तर त्या दिवशीं मालिश बंद ठेवून पशुवैद्यास दाखवावें. सारें थंड व सारखें असेल तरच पुढें जावें.

मानेपासून आरंभ करावा. कानामागें हाताचा पंजा सपाट ठेवून आयाळीच्या खालून खांद्याकडे अगदीं संथपणें आणावा. पहिल्या फेरीस दाब इतका हलका असावा कीं, कागदावरची ओली शाईहि फिसकटूं नये. एखाद्या जागीं घोड्यानें पापणी मिटली किंवा ओठ हलविला, तर हात तेथेंच थांबवावा व वाट पाहावी. थोड्या वेळानें तो जिभेनें ओठ चाटतो, तोंड हलवितो, जांभई देतो, मान खालीं सोडतो किंवा मोठा सुस्कारा टाकतो. ती जागा सैल झाल्याची ही पावती आहे. ती मिळाल्यावरच हात पुढें न्यावा. अमेरिकेंत जिम मास्टरसन या गृहस्थांनीं आपली पद्धति मुख्यतः याच खुणांवर उभारली आहे. कान मागें चिकटवणें, शेपटी आपटणें, पाय उचलणें, अंगाचें कातडें थरथरविणें या खुणा मात्र नकाराच्या आहेत. तेथें जोर करूं नये. दाब अर्धा करावा, तरीहि नकार असेल तर ती जागा सोडून द्यावी.

मानेच्या मुळाशीं, जेथें आयाळ संपून पाठ सुरू होते, त्या जागीं घोडे एकमेकांस दांतांनीं खाजवितात, हें आपण चरणाऱ्या घोड्यांत पाहतोंच. १९९३ सालीं फ्रान्समधील दोन संशोधकांनीं कामार्ग जातीच्या घोड्यांवर प्रयोग करून दाखविलें कीं, नेमक्या त्या जागीं खाजविलें असतां घोड्याच्या हृदयाचे ठोके कमी होतात. दुसऱ्या जागीं खाजविल्यास तसें होत नाहीं. म्हणून बुजरा किंवा नवा घोडा असल्यास आधीं तेथें दोन-चार मिनिटें द्यावीं. स्वस्थ उभ्या असलेल्या मोठ्या घोड्याचे ठोके मिनिटास २८ ते ४४ असतात. जबड्याच्या खालच्या कडेवर बोट ठेवून ते मोजतां येतात.

त्यानंतर खांदा, बाहूचा वरचा भाग, व दोन्ही पुढच्या पायांमधील छाती यांवर तळहाताच्या टांचेनें दाबावें. पिकत आलेली पपई आपण जितक्या जोरानें दाबून पाहतों तितकाच जोर पुरे. दाब चार-पांच सेकंद धरावा, सावकाश सोडावा, मग चार बोटें पुढें सरकावें. पाठीवर कण्याच्या दोन्ही बाजूंस सुमारें चार बोटें अंतर राखून मांसावर दाबावें; कण्याच्या हाडावर दाब देऊं नये. पुठ्ठे व मांडी यांचे स्नायु जाड असल्यामुळें तेथें मिटलेल्या मुठीचा सपाट भाग वापरावा, आणि दंडाचा जोर न करतां आपल्या अंगाचा भार हलकेच टेकवावा. गुडघ्याखालीं फक्त हात फिरवावा, रगडूं नये. दोन्ही बाजू मिळून वीस ते तीस मिनिटें होतात.

मग पाय हलविण्याचें काम. पुढचा पाय नाल पाहावयास उचलतों तसा उचलून एक हात गुडघ्याखालीं व एक नळीस द्यावा, आणि खांद्यापासून लहान लहान वर्तुळांत चार-पांच वेळां फिरवावा. पुढें तोच पाय जमिनीपासून वीतभर उंचीवर हळू पुढें न्यावा, घोडा जितका देईल तितकाच. दहा-पंधरा सेकंद धरून जमिनीवर अलगद ठेवावा. मागच्या पायासहि हीच रीत. ओढणें, झटका देणें किंवा उंच उचलणें सर्वथा वर्ज्य. म्हाताऱ्या घोड्यास तीन पायांवर फार वेळ उभें राहवत नाहीं, हें विसरूं नये.

शेवटीं घोड्याकडून त्याचें त्यालाच अंग ताणवून घ्यावें. गाजर किंवा हिरव्या मक्याचें पान हातांत धरून त्याचें तोंड छातीकडे, मग दोन्ही गुडघ्यांच्या मध्यें, मग डाव्या व उजव्या बरगडीकडे, व शेवटीं पुठ्ठ्याकडे न्यावें. प्रत्येक ठिकाणीं कांहीं सेकंद थांबवून मग खाऊं द्यावें. अमेरिकेंतील मिशिगन संस्थानच्या विद्यापीठांत ८ घोड्यांकडून अशा प्रकारचे व्यायाम आठवड्यास ५ दिवस याप्रमाणें ३ महिने करविले, आणि कण्यालगतच्या खोल स्नायूची जाडी यंत्रानें मोजली. ती वाढलेली आढळली, असें २०११ सालीं प्रसिद्ध झालें. प्रयोग लहान आहे. परंतु खर्च गाजराचा आहे, आणि तोटा कांहीं नाहीं. हें सारें झाल्यावर घोड्यास मऊ मातींत दहा मिनिटें चालवावें. हें चालणें चुकवूं नये. हातानें सैल केलेला स्नायु व चालण्यानें पोसलेला सांधा मिळूनच गुण येतो.

तेलाविषयीं विचारणा होते, म्हणून दोन शब्द. तिळाचें तेल किंचित् कोमट करून लावल्यास हात सहज सरकतो, इतकाच त्याचा लाभ समजावा. तेल कातड्यांतून झिरपून सांध्यांत जातें व आंत वंगण होतें, ही समजूत खरी नाहीं. खोगिराखालीं तेल राहिल्यास धूळ बसून कातडें सोलतें, म्हणून पाठीस तेल लावूं नये.

बिब्बा व डाग यांविषयीं

बिब्ब्यानें कातडें भाजतें, फोड येतो, आणि त्या आगीपुढें जनावराची मूळची वेदना कांहीं काळ झांकली जाते. डाग दिल्यावर घोड्यास महिना-दोन महिने बांधून ठेवावें लागतें; त्या विश्रांतीनें थोडें बरें वाटलें म्हणजे यश डागास दिलें जातें. इंग्लंडांत ब्रिस्टल येथील विद्वानांनीं पायाच्या शिरांच्या इजेवर डागाचा काय परिणाम होतो याची कसून तपासणी केली, व डागानें शिरा बऱ्या होण्यास मदत होत नाहीं असा निर्णय १९८३ सालीं प्रसिद्ध केला. आपल्या वाडवडिलांस निंदण्याचें कारण नाहीं. त्यांच्याजवळ दुसरें साधन नव्हतें. परंतु त्याच वाडवडिलांच्या शालिहोत्र परंपरेंत घोड्याचा एक वेगळा वैद्य मानला होता, व त्यावरून सालोत्री हा शब्द आपल्या भाषेंत आला. त्या परंपरेचा अभिमान बाळगणारानें लोखंड तापविण्यापूर्वीं वैद्यास बोलवावें, हेंच तिला धरून आहे.

पशुवैद्य दुखणें थांबविण्याचें औषध देतो, तेंहि त्याच्याच सांगण्याबरहुकूम द्यावें. वेदनेचें औषध दिल्यावर घोडा मोकळा चालूं लागतो, म्हणून लगेच त्यास वरातींत नाचविणें हा त्याच्या सांध्यावरील दुहेरी अत्याचार आहे. वेदना ही त्या मुक्या जनावराची तक्रार असते. तक्रार बंद केली म्हणून कारण मिटत नाहीं.

नोंदवहीचा उपयोग

आमचा जन्म कागदांत गेला, त्यामुळें ही सूचना आमच्याकडून येणें स्वाभाविकच आहे. एक साधी वही करावी. तारीख, सकाळीं पहिलीं किती पावलें ताठ पडलीं, डावीकडे व उजवीकडे वळतांना कोणती बाजू जड, रात्रीं घोडा निजला कीं नाहीं, आणि नाल केव्हां बदलला, एवढे रकाने पुरेत. निजल्याचा रकाना कोणास विचित्र वाटेल. घोडा उभ्यानें डुलकी घेतो हें खरें, परंतु गाढ झोंपेसाठीं त्यास थोडा वेळ तरी आडवें व्हावेंच लागतें. ज्याचे सांधे दुखतात तो पुन्हा उठवणार नाहीं या भयानें आडवा होत नाहीं. मग पेंगतांना त्याचे पुढचे गुडघे एकाएकीं मुडपतात व तेथें खरचटतें. सकाळीं कुशीस गवत-लीद लागलेली दिसली तर घोडा निजला असें समजावें. गुडघ्यांवर वारंवार खरचटलेलें दिसलें तर तो झोंपेस मुकला आहे, हें ओळखून त्यास जाड व मऊ बिछाना द्यावा.

आमच्या घरच्या सुमारें सतरा वर्षांच्या घोडीची अशी वही आम्हीं ठेविली आहे. आरंभीं सकाळचीं साठ-एक पावलें ताठ पडत होतीं; रोजच्या मालिशीनें व दोन वेळच्या चालण्यानें तिसऱ्या आठवड्यास तीं पंचवीसवर आलीं. पुढें मधेंच एकदां संख्या वाढली, आणि त्याच ओळींत नाल बदलून दोन महिने उलटल्याची नोंद होती. नाल बदलतांच संख्या पुन्हा उतरली. ती पंचवीसची शून्य मात्र झाली नाहीं, व होईल अशी आमची अपेक्षाहि नाहीं. वही नसती तर वाढलेल्या आखडण्याचा दोष मालिशीस गेला असता आणि उतरल्याचें श्रेय नालबंदास. एका घोडीवरून सिद्धांत होत नाहीं. पण प्रत्येकानें आपल्या जनावराची वही ठेविली तर त्याला स्वतःपुरतें सत्य कळतें. सहा आठवडे नियमानें करूनहि आंकडा हलत नसेल, तर हाताचें काम संपलें व वैद्याचें सुरू झालें असें समजावें.

बाजारांतील व्यवहार

हीच विद्या बाजारांत दोन्ही बाजूंनीं उपयोगी पडते. घेणारानें घोडा दुपारीं गर्दींत फिरवून गरम केलेला पाहूं नये; भल्या सकाळीं, रात्रभर बांधलेला असतां, त्याचीं पहिलीं पावलें पाहावीं. त्यास दोन्ही बाजूंस लहान वर्तुळांत वळवावा, मागें सरकवावा, चारी पायांवरून पालथा हात फिरवावा. जमल्यास पशुवैद्याकडून सांधा मिनिटभर दुमडून धरवून लगेच दुडकी चालवावा. दडलेलें लंगडणें या परीक्षेंत बहुधा बाहेर येतें. ज्या विक्रेत्यास सकाळची वेळ गैरसोयीची वाटते, त्याच्या घोड्याची किंमत आपणहि गैरसोयीची समजावी.

विकणारासाठीं सांगणें थोडें आहे. मालिश करून व औषध देऊन आखडलेला घोडा तासभर मोकळा दाखवितां येतो, हें आम्हांस ठाऊक आहे. परंतु हात हा घोड्याचें दुःख हलकें करण्यासाठीं आहे, दुसऱ्या शेतकऱ्याची फसवणूक करण्यासाठीं नाहीं. फसून घेतलेला घोडा नव्या घरीं पहिल्याच महिन्यांत कामास जुंपला जातो, आणि मग बिब्बा व डाग त्याच्याच वांट्यास येतात. ज्या घोड्यानें आपल्या दारांत दहा वर्षें चाकरी केली, त्यास दाणा कमी करून, नाल वेळेवर बदलून, मऊ जमिनींत सकाळ-संध्याकाळ हिंडवून व रोज घटकाभर हात फिरवून घरींच ठेवणें बहुतेक गृहस्थांच्या आवांक्यांत आहे. थंडीचे दिवस येण्यापूर्वीं, आश्विनांतच, हा क्रम सुरू करावा, आणि पहिल्या दिवशींची पावलें वहींत लिहून ठेवावीं.